सेकंड हँड डीएसएलआर घेताना काय तपासायचं? कमी बजेटमध्ये पक्ष्यांचे फोटो

मागच्या वर्षी चिपळूणहून मावसभावाचा फोन आला. "दादा, छत्तीस हजार जमलेत. दुकानदार म्हणतोय वर थोडा ईएमआय टाक, नवीन कॅमेरा दोन लेन्सांसकट देतो. घेऊ?" दोन सीझन आंब्याच्या पेट्या भरून त्याने हे पैसे जमवले होते. घरामागे रोज धनेश येतो, नदीकाठी खंड्या बसतो आणि मोबाईलमध्ये दोघेही ठिपक्याएवढे दिसतात, ही त्याची तक्रार.

मी त्याला थांब म्हटलं. पाच वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हीच घाई केली होती. ऑनलाइन जाहिरात बघून एक टेलिफोटो लेन्स साडेनऊ हजारांना घेतली. बाहेरून कोरी करकरीत. घरी आणून उजेडासमोर धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं आणि दुरुस्तीवाल्याने साफ करायचे साडेचार हजार सांगितले, तेही "काचेवर डाग राहिले तर मी जबाबदार नाही" असं बजावून. ती लेन्स अजून माझ्या कपाटात पडून आहे.

तेव्हा मला माहीत नसलेलं आणि नंतर भावासोबत कॅमेरा शोधताना कामाला आलेलं सगळं या लेखात आहे. छंद पक्ष्यांच्या फोटोंचा असला तरी तपासणी कुठल्याही जुन्या कॅमेऱ्याला तशीच लागू पडते.

आत्ताच जुना डीएसएलआर का?

निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरे आणले आणि तेव्हापासून त्यांचं सगळं लक्ष तिकडे वळलं. लग्नाचे फोटो काढणारे आणि हौशी मंडळी एकेक करून मिररलेसवर गेली. त्यामुळे त्यांचे चांगले चालते डीएसएलआर बाजारात आले आणि किंमती उतरल्या. कॅमेरा तेवढाच चांगला राहिला, फक्त त्याची फॅशन गेली. २०१३ सालच्या निकॉन डी७१०० मध्ये २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आणि ५१ फोकस पॉइंट आहेत. झाडावर बसलेल्या खंड्याला तेवढं पुरून उरतं.

याला दुसरी बाजू आहे, तीही सांगतो. उडणाऱ्या पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरून ठेवणं नव्या मिररलेसना जमतं, या कॅमेऱ्यांना जमत नाही. ते काम तुम्हालाच करावं लागेल आणि पहिले दोन महिने शंभरातले नव्वद फोटो हलतील. ज्याला हे नको आहे त्याने पैसे साठवत राहावं.

आणि पक्षी नुसते बघायलाच आवडत असतील तर कॅमेऱ्याच्या आधी आठ बाय बेचाळीसची दुर्बीण घ्या. कॅमेऱ्याच्या पाव किंमतीत येते आणि चार्ज करावी लागत नाही. भावाला हे सांगितलं तेव्हा तो हिरमुसला, म्हणून विषय सोडून दिला.

बजेट कसं वाटायचं

बहुतेक जण बॉडीवर सगळे पैसे लावतात आणि लेन्स "सोबत मिळेल ती" घेतात. पक्ष्यांच्या बाबतीत हे उलटं हवं. सोबत मिळणारी १८-५५ लेन्स पक्ष्यांच्या कामाची नाही. किमान २५० ते ३०० मिलिमीटर लागतात. या कॅमेऱ्यांचा सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा लहान असल्यामुळे निकॉनवर ३०० ची लेन्स ४५० सारखी दिसते (दीडपट) आणि कॅननवर २५० ची ४०० सारखी (१.६ पट). इथे लहान सेन्सर आपल्या फायद्याचा ठरतो.

आता सापळे. लेन्सच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तरी पैसे बुडू शकतात.

निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नसते. त्यांना मोटर असलेली लेन्सच लागते, म्हणजे नावात एएफ-एस किंवा एएफ-पी हवं. नुसतं एएफ लिहिलेली जुनी लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो. डी७००० मालिकेत मोटर बॉडीतच असते, त्यामुळे तिथे जुन्या लेन्सही चालतात.

एएफ-पी ७०-३०० ही हलकी आणि चांगली लेन्स आहे, पण डी९०, डी५१००, डी७००० अशा जुन्या बॉडींवर ती फोकसच करत नाही. शिवाय ती दोन प्रकारांत येते, एक व्हीआर असलेली आणि एक नसलेली. व्हीआर म्हणजे हाताचा कंप कमी करणारी सोय. ३०० मिलिमीटरला ती नसेल तर हातात धरून फोटो काढणं फार अवघड जातं. कॅननमध्ये हीच सोय आयएस नावाने असते. नव्या कॅमेऱ्याच्या "दोन लेन्सांच्या" पॅकेजमध्ये बऱ्याचदा ७५-३०० दिसते, तिच्यात आयएस नसतो. तिच्याऐवजी ५५-२५० आयएस एसटीएम शोधा. आकडा लहान दिसतो, फोटो मात्र जास्त स्पष्ट येतो.

भावाला दुकानदार देत असलेल्या पॅकेजमध्ये दुसरी लेन्स नेमकी कंप न थांबवणारी होती. ते कळल्यावर ईएमआयचा विषय संपला. आम्ही ठरवलं की डी७१०० ची बॉडी वीस हजारांच्या आसपास, एएफ-एस ७०-३०० व्हीआर चौदापर्यंत आणि उरलेल्यात कार्ड आणि डबा. डबा कशाला ते पुढे सांगतो.

डी७१०० ची एक उणीव माहीत असू द्या. रॉ फाईलमध्ये सलग फोटो काढले तर पाच-सहा फोटोंतच त्याचा बफर भरतो आणि कॅमेरा अडखळायला लागतो. डी७२०० मध्ये हे सुधारलं आहे, पण तो आमच्या बजेटबाहेर होता. यावर उपाय म्हणजे उडते पक्षी जेपेगमध्ये काढायचे.

घरबसल्या होणारी तपासणी

जाहिरात आवडली की लगेच गाडी काढू नका. आधी विक्रेत्याला सांगा, "आत्ता काढलेला एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पण डॉक्युमेंट म्हणून." साधा फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप त्यातली माहिती पुसून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाईल जशीच्या तशी येते.

त्या फाईलमध्ये एक्झिफ नावाची माहिती दडलेली असते. एक्झिफटूल या फुकट प्रोग्रॅममध्ये ती उघडली की निकॉनच्या फोटोत शटर काउंट सरळ दिसतो, म्हणजे आजपर्यंत शटर किती वेळा उघडलं ते. गाडीच्या किलोमीटरसारखा आकडा समजा. डी७१०० आणि डी७२०० ची शटर कंपनीने दीड लाख वेळांसाठी तपासलेली आहेत, डी३४००, डी५६०० यांची एक लाखासाठी. हा आकडा हमीचा नाही. काही शटर आधी जातात, काही दुप्पट चालतात. कॅननच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये हा आकडा फोटोत नसतो. तिथे कॅमेरा यूएसबीने लॅपटॉपला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने तो वाचावा लागतो आणि तेही सगळ्या मॉडेलांना जमत नाही.

विक्रेता म्हणतो "फार कमी वापरलाय" आणि आकडा येतो एक लाख वीस हजार. आमच्या पहिल्या जाहिरातीत हेच झालं. पुण्यातून बसल्या जागी एक चक्कर वाचली.

याच वेळी बॉडीच्या तळाशी असलेल्या सीरियल नंबरचा आणि बिलाचा फोटोही मागा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. बिलच नसेल तर कॅमेरा चोरीचा असू शकतो, किंवा परस्पर परदेशातून आणलेला असू शकतो. बिल हरवलं असं खरंही असेल, पण मी अशा व्यवहारात पडत नाही.

समोरासमोर: आधी लेन्स

सोबत काय न्यायचं? लॅपटॉप, चांगलं मेमरी कार्ड, टॉर्च आणि एक वर्तमानपत्र. मोबाईलचा टॉर्चही चालतो. भेट दिवसा ठेवा आणि अर्धा तास लागेल असं आधीच सांगून ठेवा. जो अर्धा तास द्यायला तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका.

लेन्स बॉडीवरून काढा. दोन्ही टोकांची झाकणं काढून एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने, थोडं तिरकं, आत बघा. निकॉनची लेन्स बॉडीवरून काढली की तिची पाती मिटलेली राहतात आणि आतला मोठा भाग दिसतच नाही. लेन्सच्या मागच्या बाजूला एक छोटा धातूचा खटका असतो, तो बोटाने हलकेच सरकवून धरला की पाती उघडतात. मी माझी ती साडेनऊ हजारांची लेन्स घेताना हा खटका सरकवला नव्हता. कॅननची पाती काढल्यावरही उघडीच असतात.

आत काय दिसतं ते ओळखायला शिका. दोनचार धुळीचे कण असणारच, त्याने फोटोत काही फरक पडत नाही. धागे, बर्फाच्या नक्षीसारखे फाटे किंवा काचेच्या कडेपासून आत येणारी जाळी दिसली तर ती बुरशी. दुधी धुकं दिसलं तर काचेवर वाफ किंवा तेल बसलं आहे. बुरशी आणि धुकं असेल तर व्यवहार तिथेच थांबवा, कितीही स्वस्त असला तरी. बुरशी काचेवरचा लेप खाते. ती साफ केली तरी तिने खाल्लेला लेप परत येत नाही.

मग लेन्स बॉडीवर लावून ३०० वर न्या आणि शटरचं बटण अर्धं दाबा. व्हीआर चालू असेल तर बारीक गुणगुण ऐकू येते आणि व्ह्यूफाइंडरमधलं हलणारं चित्र एकदम स्थिरावतं. ते स्थिरावलं नाही तर बाजूचा स्विच बघा. स्विच चालू असूनही स्थिरावत नसेल तर निघा.

मग बॉडी

सेन्सरसाठी दोन फोटो काढायचे. पहिला आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा, एफ/१६ किंवा एफ/२२ वर, मुद्दाम फोकस बिघडवून. लॅपटॉपवर मोठा करून बघा. गोल करडे ठिपके म्हणजे धूळ, ती ब्लोअरने निघते (तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब जातात). सरळ रेघ दिसली तर ओरखडा असू शकतो. दुसरा फोटो झाकण लावून, चारेक सेकंदांचा. काळ्या फोटोत दोनचार रंगीत टाचण्या दिसल्या तर ठीक, भरपूर दिसल्या तर सेन्सर थकला आहे.

फोकस तपासायला वर्तमानपत्र टेबलावर पसरा आणि तिरक्या कोनातून एका ओळीवर फोकस करून फोटो काढा, एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये. या मॉडेलांत लाइव्ह व्ह्यूचा फोकस थेट सेन्सरवरून होतो, म्हणून तो संथ पण अचूक असतो. व्ह्यूफाइंडरच्या फोटोत फोकस पुढच्या किंवा मागच्या ओळीवर गेला असेल तर जुळणी बिघडली आहे. डी७१०० मध्ये ती मेनूतून थोडी सुधारता येते, डी५६०० किंवा डी३४०० मध्ये ती सोय नाही.

बॅटरीसाठी डी७००० मालिकेच्या मेनूत बॅटरीची माहिती असते. तिथे वय ० ते ४ असं दिसतं. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे बदलायची वेळ. बॅटरी टेबलावर ठेवून बघा, डुगडुगली तर फुगलेली आहे. फुगलेली वापरू नका, आत अडकून बसते.

बाकी सगळी बटणं, चक्रं, दोन्ही कार्ड स्लॉट, फ्लॅश एकदा दाबून बघा. रबर सुटलेलं, रंग उडालेला, स्क्रीनवर चरे, हे सगळं चालतं. उलट त्यावर भाव पाडता येतो.

कपाटातला की लग्नातला?

शेवटी आमच्यासमोर दोन पर्याय राहिले, दोन्ही चिपळूण परिसरातले. पहिला एका निवृत्त काकांचा. शटर काउंट फक्त चार हजार, बॉक्स, बिल, पट्टासुद्धा पिशवीतून न काढलेला. "जपून कपाटात ठेवलाय बघा," काका म्हणाले. दुसरा लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाचा. एकसष्ट हजार काउंट, कडांचा काळा रंग उडून धातू दिसतोय, रबर एका कोपऱ्यात सुटलेलं. किंमतीत तीन हजारांचा फरक, काकांचा महाग.

भावाचं मन काकांच्या कॅमेऱ्यावर होतं. माझंही असतं, पाच वर्षांपूर्वी. पण कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते आणि बुरशीला साठ-सत्तर टक्के, अंधार आणि स्थिर हवा एवढंच पुरतं. कातडी पिशवी आणि बंद कपाट म्हणजे तिच्यासाठी तयार घर. टॉर्च मारला तर काकांच्या लेन्समध्ये कडेला बारीक जाळी सुरू झालेली होती. काकांना स्वतःलाच माहीत नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, आम्हालाही. फसवणूक वगैरे काही नव्हती. त्यांनी चहा दिला, आणि बॉडीवर अजून डाग नाही तोवर ती तरी पिशवीतून बाहेर काढून ठेवा एवढं मी त्यांना सांगून आलो.

लग्नवाल्याची लेन्स स्वच्छ होती, कारण ती दर आठवड्याला बाहेर निघत होती. एकसष्ट हजार म्हणजे दीड लाखाच्या निम्म्याहून कमी. भाऊ वर्षाला दहा-बारा हजार फोटो काढेल असं धरलं तरी हिशोबाने सात-आठ वर्षं निघतात. बॉडी आणि लेन्स मिळून बत्तीस हजारांना ठरलं. रबरापोटी हजार कमी झाले. त्याने एक जादा बॅटरीही दिली, ती मात्र कंपनीची नव्हती आणि दोन महिन्यांत बसली.

म्हणून समुद्राजवळच्या भागात कमी काउंट बघून हुरळू नका, नियमित वापरलेला कॅमेरा जास्त भरवशाचा असतो. पुणे, सोलापूर, छत्रपती संभाजीनगरकडच्या कोरड्या हवेत कपाटातला कॅमेरा बऱ्याचदा ठीक निघतो, तरी टॉर्च माराच. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात दुकानातून घेणार असाल तर किंमत थोडी जास्त पडेल, पण निवड मोठी मिळते आणि दुकानदार काही दिवसांची परत घेण्याची हमी देतो का ते विचारता येतं. दिली तर बिलावर लिहून घ्या.

घेतल्यावर: तीनशे रुपयांचा डबा

ड्राय कॅबिनेट महाग असतं. रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि दोन-तीनशे रुपयांचा छोटा आर्द्रता मीटर, एवढ्यात तेच काम होतं. मीटर ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. तीसच्या खाली फार काळ नेऊ नका, रबर आणि वंगण सुकतं. जेल ओलं झालं की रंग बदलतं. निळं गुलाबी होतं, नारिंगी हिरवट होतं. शक्यतो नारिंगी घ्या, कारण निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते अपायकारक आहे. जेल १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा वापरता येतं, पण स्वयंपाकाच्या कढईत नको. तांदूळ भरून ठेवण्याचा सल्ला ऐकू नका, तांदळाची भुकटी लेन्सच्या फटीत जाते आणि ओलावा फारसा शोषला जात नाही.

कॅमेरा पंधरा दिवसांतून एकदा तरी बाहेर काढा, उजेडात धरा, दहा फोटो काढा.

मेमरी कार्ड स्वस्तातलं घेतलं असेल तर पहिल्याच दिवशी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या फुकट प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. बनावट कार्डावर १२८ जीबी लिहिलेलं असतं आणि सोळा जीबीनंतरचे फोटो गायब होतात.

आणि सुरुवातीचं सेटिंग: उडत्या पक्ष्याला शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान, ॲपर्चर लेन्सला जमेल तेवढं उघडं, आयएसओ ऑटो, फोकस सतत धरणारा आणि फक्त मधला पॉइंट. बसलेल्या पक्ष्याला १/५०० पुरतं. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेचारनंतर. स्वस्त लेन्सला उजेड लागतो, त्याला इलाज नाही.

जानेवारीत भाऊ पुण्याला आला तेव्हा आम्ही भिगवणला गेलो. उजनीच्या फुगवट्यावर फ्लेमिंगो बघायला कुंभारगावातून होडी मिळते. त्याने त्या सकाळी आठशे फोटो काढले, बरे आले एकोणीस. परत आल्यावर त्याने कॅमेरा पुसला, डब्यात ठेवला आणि मीटर बघितला. ४६ होता.